मेहरबानी आणि हक्क : मोगलाई, वऱ्हाड आणि निरंकुश राजसत्तेचा अस्त

आपल्या निवासी शाळेत चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या तालुक्यांतील मुले असतात, तशीच जाफ्राबाद, भोकरदन, जालना या भागांतूनही येतात. इतिहास शिकविताना त्या पलीकडच्या मुलांकडून एक प्रश्न आम्हांला वारंवार ऐकावा लागला आहे : "सर, आमच्या गावी सतरा सप्टेंबरला झेंडावंदन असते. इथे का नसते?" एकाच वसतिगृहात शेजारी शेजारी झोपणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या, एकाच बुद्धवंदनेला बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाच्या गावाचा मुक्तिदिन वेगळा कसा, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर तासिकेच्या पंचेचाळीस मिनिटांत पुरे होत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते थोड्या विस्ताराने मांडावे, अशी आमची इच्छा आहे. माजी विद्यार्थ्यांना ते आठवण म्हणून आणि पालकांना माहिती म्हणून उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी जगाच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर आहे. ते म्हणजे निरंकुश राजेशाहीचा ऱ्हास आणि उदारमतवादाचा उदय. पाठ्यपुस्तकात हे प्रकरण युरोपच्या नकाशावर शिकविले जाते. पण ते आपल्या शिवाराच्या बांधावरही घडलेले आहे.

निरंकुश सत्ता म्हणजे काय?

राजा चांगला की वाईट, दयाळू की क्रूर, यावर निरंकुशता ठरत नाही. ज्या राज्यात राजाच्या इच्छेवर दुसरे कोणतेही बंधन नाही, कायदा राजाच्या तोंडून निघतो आणि त्याच्याच तोंडून रद्द होतो, ते राज्य निरंकुश होय. अशा राज्यात माणूस नागरिक नसतो, प्रजा असतो. त्याला जे मिळते ते मेहरबानी म्हणून मिळते, हक्क म्हणून नव्हे. उदारमतवादाने प्रथम हीच गोष्ट उलटी केली. सत्तेचे मूळ राष्ट्रात म्हणजे लोकांत आहे, राजाही कायद्याखाली आहे, व्यक्तीला काही हक्क जन्मतः आहेत आणि ते लिहून ठेवले पाहिजेत, अशी ही विचारसरणी.

'लिबरल' हा शब्द राजकीय पक्षाचे नाव म्हणून प्रथम रूढ झाला तो इंग्लंडात किंवा फ्रान्समध्ये नव्हे, तर स्पेनमध्ये. १८०८ साली नेपोलियनने स्पेनच्या राजाला व युवराजाला बायोन येथे बोलावून दोघांकडूनही सिंहासनाचा त्याग करविला आणि आपल्या भावाला गादीवर बसविले. राजा नसलेल्या त्या देशात लोकांनीच लढा उभारला. दक्षिणेकडील कादिझ या बंदराच्या शहरात प्रतिनिधींची सभा भरली आणि १९ मार्च १८१२ रोजी तिने एक राज्यघटना जाहीर केली. सार्वभौमत्व राष्ट्राचे आहे, असे त्या घटनेने स्पष्ट म्हटले. पुढे नेपोलियनचा पराभव झाला आणि युवराज फर्डिनंड हा राजा म्हणून परतला. ४ मे १८१४ रोजी त्याने एका फर्मानाने ती संपूर्ण घटना रद्द केली. १८२० मध्ये सैन्यातील बंडामुळे त्याला तीच घटना पुन्हा मान्य करावी लागली. १८२३ मध्ये फ्रेंच फौजेच्या साहाय्याने त्याने ती पुन्हा मोडली. राजाची सही आली की घटना आली, आणि राजाचे मन फिरले की घटना गेली, असा तो खेळ होता.

कादिझच्या त्या घटनेची दुसरी बाजूही आपण लक्षात ठेवली पाहिजे. राष्ट्र सार्वभौम आहे असे म्हणणाऱ्या त्याच दस्तऐवजाने आफ्रिकी वंशाच्या मुक्त लोकांना सरसकट नागरिकत्व दिले नाही. विशेष गुण वा सेवा सिद्ध केली, तरच त्यांना ते मिळणार होते. गुलामगिरीही तशीच राहिली. घरगुती नोकरांचे नागरी हक्क स्थगित होते. म्हणजे राजाच्या हातून सत्ता काढून घेणाऱ्यांनीही 'लोक' या शब्दाचा अर्थ आपल्या सोयीने आखून घेतला होता. हे दोन धडे, म्हणजे मेहरबानीने दिलेला हक्क टिकत नाही आणि 'लोक' या शब्दात कोण मोजले गेले हे तपासले पाहिजे, हाती धरून आता आपण आपल्या मुलखाकडे वळू.

वऱ्हाड : कर्जापोटी गहाण पडलेला प्रांत

आपला बुलडाणा जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, तो वऱ्हाड अठराव्या शतकात 'दोअमली' होता. निजाम आणि नागपूरकर भोसले असे दोन धनी एकाच रयतेकडून वसुली करीत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असई येथे आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव येथे इंग्रजांनी मराठी फौजांचा पराभव केला. पुढे गाविलगड पडला. त्यानंतरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील हक्क सोडला आणि हा मुलूख एकट्या निजामाकडे गेला. दोन धन्यांच्या जागी एक धनी आला. रयतेच्या दृष्टीने एवढाच काय तो फरक.

निरंकुश सत्तेचे पहिले संकट बहुधा तिजोरीत उद्भवते. कोणालाही हिशेब न देणारा राजा स्वतःलाही हिशेब देत नाही. निजामाच्या राज्यात महसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार आगाऊ रक्कम भरी आणि मग ती कित्येक पटींनी कुळांकडून काढी. दरबार सावकारांच्या कर्जात बुडालेला होता. त्यात इंग्रजांच्या हुकमतीखालील, पण निजामाच्या खर्चाने पोसली जाणारी 'हैदराबाद कंटिंजंट' ही फौज होती. तिचा पगार थकत गेला आणि तो कंपनी सरकारचे कर्ज म्हणून चढत गेला. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड, तसेच धाराशिव व रायचूर दोआब हे प्रांत या खर्चापोटी इंग्रजांच्या कारभाराखाली द्यावे लागले. १८६० च्या तहाने कर्जाचे पन्नास लाख रुपये माफ झाले. धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला.

या एका कलमाचा परिणाम किती दूरगामी झाला, तो पाहा. धाराशिवचा मराठी माणूस १८६० मध्ये पुन्हा निजामाच्या अंमलाखाली गेला आणि पुढील अठ्ठ्याऐंशी वर्षे तेथेच राहिला. चिखलीचा मराठी माणूस इंग्रजी कारभारात राहिला. दोघांनाही कोणी विचारले नव्हते. शेताचा तुकडा गहाण टाकताना शेतात उभ्या असलेल्या बैलाला विचारीत नाहीत, तसेच हे. राजांच्या हिशेबात माणसे ही मुलखाबरोबर हस्तांतरित होणारी वस्तू होती. निरंकुश राजेशाहीचा याहून नेमका अर्थ आम्हांला कोणत्याही ग्रंथात सापडलेला नाही.

सालारजंग या निजामाच्या मुत्सद्दी दिवाणाने वऱ्हाड परत मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, परंतु यश आले नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन याने सालीना पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायम पट्ट्याने घेतला आणि १९०३ पासून तो मध्यप्रांताला जोडला गेला. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला. तेव्हा मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने, ब्रिटिश सत्ता ही सर्वश्रेष्ठ असून कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही, असे सुनावले. प्रजेपुढे निरंकुश असणारा राजा साम्राज्यापुढे किती अंकित होता, हे त्या पत्राने उघड केले. १९३६ च्या करारात त्याची समजूत पदव्यांनी काढण्यात आली. तो 'हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम' झाला, त्याचा युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला आणि वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाशेजारी निजामाचे निशाण लावण्याचा मान त्याला मिळाला.

म्हणजे झेंड्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्ही हेही सांगतो, की बाळा, कागदोपत्री चिखलीसुद्धा निजामाचीच होती. येथील माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजन नव्हता. म्हणूनच वऱ्हाडातून कायदेमंडळावर निवडून आलेल्या प्रतिनिधीला सरकार नंतर रीतसर 'नियुक्त' करीत असे.

शिवेच्या अलीकडे आणि पलीकडे

आमच्या आजोबांच्या पिढीतील माणसे पलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. सोयरीक तिकडे होई, बाजारहाट होई, पण कारभार निराळा होता.

अलीकडे इंग्रजांचे राज्य होते. ते परकीय होते आणि स्वतःच्या फायद्यासाठी होते, याविषयी संशय नको. मलकापूर, नांदुरा, शेगाववरून गेलेली आगगाडी आमच्या सोयीसाठी नव्हे, तर कापूस मुंबईला नेण्यासाठी आली. परंतु महसुलाचा आकार कुळाच्या नावे ठरला, न्यायालये आली, छापखाने आले, सभा भरू लागल्या. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर.

पलीकडे ८२ हजार चौरस मैलांचे आणि १९४१ मध्ये सुमारे १ कोटी ६३ लाख वस्तीचे राज्य एका व्यक्तीच्या इच्छेवर चालत होते. मुलखाचा सुमारे तिसरा हिस्सा जहागीरदारांकडे होता, तर 'सर्फ-ए-खास' म्हणजे निजामाची खासगी जमीन वेगळीच. प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी, कन्नड, पण कारभार व उच्च शिक्षण उर्दूत. सभा घ्यायची तर 'गश्ती क्रमांक ५३' या परिपत्रकानुसार आधी परवानगी घ्यावी लागे. जी राष्ट्रीय सभा अमरावतीस, म्हणजे कागदोपत्री निजामाच्याच मुलखात, १८९७ साली उघडपणे भरली, तिच्या धर्तीवरील स्टेट काँग्रेस हैदराबादेत १९३८ साली स्थापन होण्यापूर्वीच बेकायदा ठरविण्यात आली. एकाच राजाच्या नावावरील दोन प्रदेशांत एवढे अंतर पडले होते.

१९३९ मध्ये निजामाने राजकीय सुधारणा जाहीर केल्या. विधिमंडळ नेमायचे, पण राजाच्या अधिकाराला हात लावायचा नाही, असे त्यांचे स्वरूप. त्यांनुसार निवडणुका झाल्या त्या १९४६ मध्ये. वेठबिगारीसारख्या कर्जापोटीच्या गुलामीला आळा घालणारा 'भगेला' कायदाही १९३६ मध्ये झाला होता. परंतु ज्या गावात पाटील, देशमुख, जहागीरदार हेच सरकार, तेथे हा कागद कोण वाचून दाखविणार? फर्मानाने आलेली सुधारणा फर्मानाच्या कागदावरच राहते.

दोन दरवाजे, एकच कुलूप

येथवरचा इतिहास ऐकून 'अलीकडे उजेड, पलीकडे अंधार' असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अपुरा ठरेल. आपल्या समाजाच्या बाजूने पाहिले की चित्र बदलते.

ज्या अमरावतीत राष्ट्रीय सभा भरली, त्याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद होते. त्या प्रश्नावर डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे सवर्णांतील कार्यकर्तेही पुढे आले. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस भरलेल्या वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. महाडच्या चवदार तळ्याचा पहिला सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. स्वराज्याची मागणी करणाऱ्या शहरात माणसाला देवळाच्या पायरीसाठी परिषद भरवावी लागत होती.

आणि पलीकडे? १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. महिना रमजानचा होता. किल्ल्याच्या वेशीबाहेर पाण्याने भरलेला हौद होता. धुळीने माखलेल्या मंडळींनी त्यात हातपाय धुतले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की 'धेडांनी' हौद बाटविला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कोठेही पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, आणि त्यासाठी हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला. परदेशांतील विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या घेतलेल्या बॅरिस्टरावर पाण्याच्या रक्षणासाठी पहारा! बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत स्वतः नोंदविला आहे. हिंदूंच्या दृष्टीने जो अस्पृश्य, तो मुसलमानाच्याही दृष्टीने अस्पृश्यच ठरतो, हे त्यातून त्यांनी दाखवून दिले.

म्हणजे अमरावतीचे दार आणि दौलताबादचा हौद यांच्यामध्ये राजकीय सीमा होती. एकीकडे इंग्रजी कायदा होता, दुसरीकडे निजामाचे फर्मान. पण कुलूप एकच होते. राज्यपद्धती बदलल्याने ते आपोआप उघडत नाही, हे त्या पिढीने स्वानुभवाने ओळखले. म्हणूनच ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने दलितांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ होण्यात त्या परिषदेचा वाटा मोठा आहे. निजामाला केला जाणारा झुकून सलाम आणि बरोबरीच्या नात्याने केलेला 'जय भीम' यांतील फरक हाच प्रजा आणि नागरिक यांतील फरक आहे.

बाबासाहेबांची भूमिका

१९४७ साली इंग्रज जाणार हे ठरताच निजामाने आपण स्वतंत्र सार्वभौम राजे होणार असे जाहीर केले. वऱ्हाड परत मिळावा ही मागणीही होतीच. बाबासाहेबांनी १७ जून १९४७ रोजी सविस्तर निवेदन काढून संस्थानिकांच्या या दाव्यातील कायदेशीर पोकळपणा उघड केला. संस्थानिकांचे हित भारतीय संघराज्यात सामील होण्यातच आहे, असा त्यांचा सल्ला होता.

त्या काळी हैदराबादेतील दलितांपुढे एक मोह होता. निजाम सरकारने दलितांच्या शिक्षणासाठी निधी दिला होता. बी. एस. वेंकटराव यांच्यासारख्या दलित पुढाऱ्याला मंत्रिमंडळात स्थान मिळाले होते. सवर्ण हिंदूंच्या छळाने पोळलेल्या माणसाला या सवलतींचे आकर्षण वाटले, तर त्याला दोष देणे सोपे नाही. ज्याला शतकानुशतके काहीच मिळाले नाही, तो देणाऱ्याची जात वा धर्म विचारीत नाही. तरीही बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये दलितांना निक्षून सांगितले, की निजामाची बाजू घेऊ नका, भारताच्या शत्रूला साथ देऊन समाजाला कलंक लावू नका. ते स्वतः हिंदू समाजव्यवस्थेचे सर्वांत कठोर टीकाकार होते, आणि तरीही त्यांनी हा सल्ला दिला. का?

आमच्या मते याचे उत्तर मेहरबानी आणि हक्क यांच्या भेदात आहे. राजर्षी शाहू महाराजांसारखा थोर राजा आपल्यापुढे आहे. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. बाबासाहेबांना त्यांच्याविषयी अपार आदर होता. परंतु चांगला राजा हा योगायोग आहे. तो गेल्यावर त्याच्या हुकमाचे काय, हा प्रश्न राहतोच. फर्डिनंडने एका फर्मानाने घटना रद्द केली, ती त्या घटनेचा आधार राजाच्या संमतीवर उभा होता म्हणून. निजामाने दिलेले मंत्रिपद व निधी हे उद्या त्याच्याच सहीने काढून घेता आले असते. बाबासाहेबांना आपल्या लोकांसाठी देणगी नको होती. कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसलेला, न्यायालयात मागता येणारा हक्क हवा होता. आणि तो हक्क ज्या घटनेत लिहिला जायचा होता, तिच्या मसुदा समितीचे ते ऑगस्ट १९४७ पासून अध्यक्ष होते.

सतरा सप्टेंबर आणि त्यानंतर

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाशी 'जैसे थे' करार झाला. पण कासिम रझवीच्या रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता आणि मनमाड, बार्शी, उमरखेड अशा सीमेबाहेरच्या ठिकाणांहून कार्यकर्ते काम करीत होते. अनेक कुटुंबे शीव ओलांडून वऱ्हाडात आश्रयाला आली. विलीनीकरणाची बाजू घेणारा शोएबुल्ला खान हा तरुण मुसलमान संपादक ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारला गेला. हे नाव आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. लढा धर्माचा नव्हता, राजसत्ता आणि लोकसत्ता यांचा होता, याची साक्ष त्याच्या रक्ताने दिली आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. म्हणून तिकडे सतरा सप्टेंबरला झेंडा लागतो. त्या दिवसांत अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला, हेही इतिहासाच्या शिक्षकाने लपवू नये. रझाकाराच्या पापाची शिक्षा त्याच्या धर्माच्या विणकराला देणे हा न्याय नव्हे. वैराने वैर शमत नाही, ही तथागतांची शिकवण आपल्या शाळेत रोज उच्चारली जाते.

राजा एका दिवसात गेला नाही. २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत निजाम हा हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. संस्थानिकांचे तनखे तर १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले. पण २६ जानेवारी १९५० रोजी एक मूलभूत गोष्ट घडली. चिखलीचा माणूस आणि जाफ्राबादचा माणूस, दोघेही प्रथमच समान नागरिक झाले. १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे चौदा टक्के लोकांनाच मताधिकार होता. आता प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एक मत मिळाले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कादिझच्या घटनेने ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, तशाच माणसांपासून आपल्या घटनेने सुरुवात केली. उदारमतवादाची युरोपात जी वाट अर्ध्यावर थांबली होती, ती बाबासाहेबांनी शेवटच्या घरापर्यंत नेली. आणि स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर तथागत बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली, असेही त्यांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले.

तरीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी दिलेला इशारा आपण विसरू शकत नाही. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता अशा विसंगत जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, असे त्यांनी बजावले होते. राजकारणातील विभूतिपूजा हा हुकूमशाहीकडे नेणारा मार्ग आहे, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. त्या इशाऱ्याची सत्यता पडताळण्यासाठी दूर जावे लागत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि निजामापासून मुक्त होऊन तीस वर्षे झालेल्या त्याच मराठवाड्यात दलितांची घरे पेटविण्यात आली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा ठराव अमलात यायला सोळा वर्षांचा संघर्ष लागला. राजा गेला होता, परंतु राजेशाहीची वृत्ती गावोगावच्या चावडीवर बसूनच होती.

नागसेनवनाची वाट

शेवटी एक गोष्ट सांगून आम्ही हा लेख संपवितो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या राज्यात परवानगीवाचून सभा घेता येत नव्हती, ज्याच्या एका किल्ल्यात बाबासाहेबांवर पाण्यासाठी पहारा बसला होता, त्याच मुलखात दौलताबादपासून काही कोसांवर त्यांनी विद्येचे केंद्र उभारले. तेथील परिसराला त्यांनी नागसेनवन हे नाव दिले. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाची परंपरा त्या नावात आहे. राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू त्याला बरोबरीने, निर्भयपणे उत्तर देतो. सत्तेशी कसे बोलावे, याचा तो धडाच आहे.

मग चमत्कार असा झाला, की वाट उलटी वाहू लागली. ज्या मोगलाईतून माणसे जीव वाचविण्यासाठी वऱ्हाडात येत, त्याच दिशेला वऱ्हाडातील आपली मुले पेटी आणि वळकटी घेऊन शिकायला जाऊ लागली. मेहकर, चिखली, बुलडाणा भागातील कित्येक घरांतला पहिला पदवीधर नागसेनवनातून आला. आणि आज जालन्याकडची मुले शिकण्यासाठी इकडे, आपल्या वसतिगृहात येतात. कर्जापोटी ओढली गेलेली ती शीव पुस्तकाच्या पिशव्यांनी पुसली गेली.

तेव्हा सतरा सप्टेंबरला आपल्या शाळेत झेंडा का लागत नाही, असे विचारणाऱ्या मुलाला आमचे उत्तर असे : तुझ्या गावाचा राजा त्या दिवशी गेला, म्हणून तेथे झेंडा लागतो. आमच्या गावावरील राजाचे नाव कागदावरूनच विरून गेले, म्हणून आमच्याकडे तसा दिवस नाही. पण तू आणि तुझ्या शेजारच्या खाटेवरचा मित्र, दोघांचाही एक समान दिवस आहे, तो म्हणजे २६ जानेवारी. त्या दिवशी आपल्याला कोणी काही बहाल केले नाही. आपले होते ते लिहून घेतले गेले.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एकच विनंती. कार्यालयात, ग्रामसभेत, शिष्यवृत्तीच्या खिडकीशी उभे राहताना आपल्या मुलांना 'साहेब, मेहरबानी करा' हे वाक्य शिकवू नका. नियम कोणता, अर्ज कोणता, मुदत कोणती, हे विचारायला शिकवा. फर्मानाच्या काळातून घटनेच्या काळात येण्यासाठी आपल्या पूर्वजांनी फार मोठी किंमत मोजली आहे. मान झुकवून मागितलेला हक्क पुन्हा मेहरबानीच होतो.

जय भीम! नमो बुद्धाय!